रिकाम्या टाकीतला पावसाळा

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपली की ट्रॅक्टरला सुटी लागते. जुलैभर बांध्यांमध्ये चिखलणी करून दमलेला ट्रॅक्टर लोखंडी जाळीची चाकं (केजव्हील) उतरवून, धुऊन टिनाच्या शेडखाली उभा राहतो, तो दिवाळीच्या आसपास धानाची कापणी-मळणी सुरू होईपर्यंत. मधल्या काळात टाकीत डिझेल किती आहे हे सहसा कोणी बघत नाही. बहुधा ते तळाशीच असतं, कारण शेवटच्या दिवशी कामापुरतंच आणलेलं असतं. त्याच शेडच्या कोपऱ्यात पुष्कळ घरांत एक मोटारसायकलही दिसते. मुलगा नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेला आणि गाडी मागे राहिली. तिची टाकी तर मुद्दाम रिकामी केलेली असते. पेट्रोल उडून वाया कशाला जाऊ द्यायचं, कोणी काढून नेण्यापेक्षा आपणच काढलेलं बरं, असा साधा हिशेब.

दसऱ्याला गाडी धुवायला बाहेर निघते. ताजं पेट्रोल टाकलं जातं, किकवर किक बसते, गाडी दोनदा खोकते आणि बंद पडते. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, खालची वाटी बोटाने पुसतो आणि तांबूस चिखल दाखवत म्हणतो, "टंकीत कचरा आला जी." हा कचरा बाहेरून आलेला नसतो. तो टाकीचाच पत्रा असतो, गंज होऊन सुटलेला.

टाकी रिकामी म्हणजे सुरक्षित, हा समज फार पक्का आहे आणि नेमका तोच गाडी खराब करतो. इंधन काढलं की त्याची जागा हवा घेते. १२ लिटरच्या टाकीत १२ लिटर हवा. पावसाळ्यातल्या दमट हवेच्या एवढ्या साठ्यात साधारण पाव ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, म्हणजे जेमतेम पाच थेंब. ऑक्सिजन मात्र भरपूर. तेवढ्या हवेतला ऑक्सिजन एकट्याने सात-आठ ग्रॅम लोखंड गंजवू शकेल इतका. गंजाला लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी ही तिन्ही लागतात. पहिली दोन टाकीत फुकट मिळतात, अडतं ते पाण्यापाशी. त्यामुळे टाकी जपायची म्हणजे पाण्याला आत येऊ द्यायचं नाही, आणि आलंच तर पत्र्याला शिवू द्यायचं नाही. बाकी सगळे उपाय या दोहोंतून निघतात.

पाच थेंबांवर भागलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण झाकणाला बारीक छिद्र असतं, आणि ते असावंच लागतं. नाही तर इंधन कमी होताना आत निर्वात पोकळी तयार होऊन पुरवठा थांबेल. त्या छिद्रातून टाकी श्वास घेते. दुपारी पत्रा तापला की आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते, रात्री गार झाला की तेवढीच हवा आत ओढली जाते. दिवस-रात्रीच्या तापमानात सात-आठ अंशांचा फरक असेल, तर रिकाम्या १२ लिटर टाकीत रोज पाव लिटरहून जास्त ताजी, दमट हवा शिरते. पहाटे पत्रा हवेपेक्षा गार असतो. मग आतल्या बाजूला, विशेषतः छताला, डोळ्यांना दिसणार नाही असं दव धरतं. गंजाला वाहतं पाणी लागत नाही, एवढी ओल पुरते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज धरण्याचा वेग झपाट्याने वाढतो. एकदा पातळ थर धरला की तो थर स्वतःच ओल धरून ठेवतो.

भंडाऱ्यात साठ टक्क्यांची ती रेघ जून सरताना ओलांडली जाते आणि सप्टेंबर संपेपर्यंत हवा बहुतेक वेळ तिच्या वरच राहते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मालगुजारी तलाव, बोड्या (लहान तळी), पाण्याने भरलेल्या बांध्या, वैनगंगेचा काठ. चिखलणीनंतर ट्रॅक्टर उभा राहतो तो या सगळ्याच्या मधोमध. उन्हाळ्यात याच गावांत पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. तेव्हा गाडी दोन महिने रिकाम्या टाकीने उभी राहिली तरी फारसं काही होत नाही. बिघडतं ते पावसाळ्यात, आणि ट्रॅक्टरची सुटी पडते तीही पावसाळ्यातच.

गंज कुठे धरतो हेही पाहण्यासारखं आहे. मोटारसायकलची टाकी चेसिसच्या दांडीवर खोगिरासारखी बसते, म्हणून तिच्या तळाला डावी-उजवी अशा दोन खोलगट कुशी असतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते खाली जाऊन या कुशीत बसतं. गाडी साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलते आणि सगळं पाणी डाव्या कुशीत जमतं. बऱ्याच गाड्यांचा पेट्रोलचा कॉकही त्याच बाजूला असतो. पण कॉकच्या आतली नळी तळापासून थोडी वर उचललेली असल्यामुळे तळाचं पाणी रोजच्या वापरात बाहेर येत नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहतं. दोन पत्रे जिथे दुमडून जोडलेले असतात ती कडही याच पातळीवर असते. टाकी पाझरायला लागते ती बहुतेक वेळा तिथूनच. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही. गाडी 'रिझर्व्ह'वर घेतली की अचानक अडखळते, असा पुष्कळांचा अनुभव असतो. त्याचं कारण हेच. रिझर्व्हचं तोंड खाली असतं आणि ते तळाचा गाळ ओढतं.

राजदूत, लूना, जुनी चेतक यांच्या टाक्या इतक्या लवकर सडत नसत, असं जुने मिस्त्री सांगतात. यात आठवणींचा गोडवा थोडा असेल, पण तथ्यही आहे. या टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. पेट्रोल उडून गेलं तरी ऑइलचा पातळ पापुद्रा पत्र्यावर मागे राही आणि ओल पत्र्यापर्यंत पोहोचत नसे. फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, धूर गेला, खर्च वाचला आणि हे आपोआप मिळणारं संरक्षणही गेलं. आता ते मुद्दाम द्यावं लागतं.

गाडी दोन-तीन महिन्यांपुरती उभी ठेवायची असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे टाकी भरून ठेवणे. पेट्रोल असेल तिथे हवा नाही, हवा नाही तिथे दव नाही. फक्त तोंडापर्यंत काठोकाठ भरू नये. पेट्रोल तापलं की प्रसरण पावतं. १२ लिटर पेट्रोलचं तापमान वीस अंशांनी वाढलं तर ते जवळजवळ पाव लिटरने फुगतं आणि झाकणातून बाहेर येऊन रंग खातं. भरण्याच्या गळ्याच्या खालच्या काठापर्यंत पेट्रोल आलं की थांबावं. डिझेलच्या बाबतीत हा सल्ला आणखी जुना आहे. दिवसाचं काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, सकाळसाठी थांबू नका, असं सांगितलं जातं ते रात्रीच्या दवासाठीच. पंपावर जाऊन हजारो रुपयांचं डिझेल नुसतं उभं ठेवायला टाकायचं, हे रोवणीनंतर खिसा रिकामा झालेल्या शेतकऱ्याला कसं पटावं, हा प्रश्न आहेच. पण पाण्याने बिघडलेल्या इंधनपंप, नोझल आणि फिल्टरचं बिल त्याहून मोठं येतं.

'भरा आणि विसरा' हा सल्ला पेट्रोलच्या बाबतीत आता पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. देशभरात पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांपर्यंत गेलं, वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्रास मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळत नाही, इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र थोडं पाणी पोटात घेतं. यात एक फायदाही आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. दवाचे चार थेंब त्यात विरघळून इंजिनात जळून जातात, तळाशी साठत नाहीत. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी सामावतं, म्हणजे १२ लिटरमागे ६० मिलिलिटर, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून जास्त. भरलेल्या टाकीच्या नुसत्या श्वासाने एवढं पाणी एका पावसाळ्यात आत येत नाही. त्यामुळे इथेनॉलमुळे उभ्या गाडीच्या टाकीत महिन्याभरात पाणी होतं, ही भीती जरा वाढवून सांगितलेली आहे.

खरी अडचण येते ती पाणी बाहेरून आत शिरलं तर. झाकणाचं रबर कडक झालेलं, गाडी उघड्यावर, झाकणाभोवतीच्या खळग्यात साचलेलं पावसाचं पाणी. पाणी सामावण्याची मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघांचा मिळून एक थर तळाशी बसतो. आत आलेल्या पाण्यापेक्षा हा थर कितीतरी मोठा असतो. इंजिनाला नेमका तोच मिळतो आणि पत्र्याला तोच रात्रंदिवस चिकटलेला राहतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या टाकीत हेच होतं, वर नदीचा गाळ वेगळा. पुरातून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवण्याआधी टाकी, नळी आणि कार्बोरेटर किंवा पंप पूर्ण रिकामा करणं, आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांत करणं, हाच उपाय. चालू होते का बघू, या उत्सुकतेपायी टाकीतला गाळ इंजिनापर्यंत पोहोचतो.

मुक्काम चार-सहा महिन्यांहून लांबणार असेल तर भरलेल्या टाकीचाही उपयोग नाही. पेट्रोल शिळं होतं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेलं हवेशी संयोग पावून चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या जेटची सुईएवढी भोकं बंद करतं. मग टाकी रिकामीच करावी, पण नीट. अर्धवट रिकामी केलेली टाकी ही सगळ्यांत वाईट. तिच्यात हवाही असते आणि तळाशी पाणीही.

टाकी नीट रिकामी करून जपण्याचा सगळ्यांत भव्य नमुना अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहराजवळ आहे. वापरातून काढलेली हजारो लष्करी विमानं तिथल्या वाळवंटात उभी आहेत, गरज पडली तर पुन्हा उडवता यावीत अशा बेताने. तिथे विमानाची इंधनव्यवस्था आधी रिकामी करतात, मग तिच्यात पातळ तेल भरतात आणि तेही काढून टाकतात. मागे उरतो तो फक्त तेलाचा पापुद्रा. वाळवंटातली कोरडी हवाही त्यांना पुरेशी वाटत नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. आपल्याकडेही ही समज नवी नाही. जिल्ह्यातल्या वरठीला सनफ्लॅगचं पोलाद तयार होतं, गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. यंत्रावर घासून चकचकीत केलेला पोलादी भाग तेल न लावता साठवायचा नसतो हे अशा कोणत्याही कारखान्यातल्या कामगाराला पहिल्या महिन्यातच कळतं. घरी आल्यावर स्वतःच्या मोटारसायकलच्या टाकीला तो नियम लावायचा राहून जातो, एवढंच.

टाकी रिकामी करून तेल लावण्याचं काम मे महिन्यात उरकलं तर उत्तम, कारण भंडाऱ्याचं ऊन टाकी वाळवायला फुकट मिळतं. कॉक काढून पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत उतरवायचं, टाकी दोन्ही बाजूंना कलंडवून दोन्ही कुशी रिकाम्या करायच्या. मग टाकी गाडीवरून उतरवून, तोंड उघडं ठेवून, घरापासून आणि चुलीपासून लांब मोकळ्या हवेत दोन-तीन दिवस उन्हात ठेवायची. आत पेट्रोलचा वास उरला नाही आणि टॉर्चच्या उजेडात पत्रा सगळीकडे कोरडा दिसला की शंभर-दीडशे मिलिलिटर इंजिन ऑइल किंवा टू-टी ऑइल ओतायचं. तोंड बंद करून टाकी हळूहळू उलटीपालटी करायची, आडवी, उभी, उपडी. घाई केली तर छत कोरडंच राहतं, आणि दव धरतं ते छतालाच. जादा ऑइल काढून घ्यायचं. आता मात्र झाकणाचं छिद्र, कॉकचं भोक, सगळं घट्ट बंद करायचं. टाकीत पेट्रोल असताना छिद्र बुजवणं धोक्याचं, कारण वाफेचा दाब साठतो. पूर्ण कोरड्या टाकीत ते उघडं ठेवणं हाच तोटा. आत सिलिका जेलची पुडी दोऱ्याने लटकवून ठेवली तर उरलीसुरली वाफही ती खाते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव पटीच्या आसपास पाणी धरतं, आणि आपल्याला तर काही थेंबच धरायचे आहेत. दोऱ्याचं टोक बाहेर ठेवावं आणि तिथे चिठ्ठी अडकवावी, नाही तर पुढच्या वर्षी पुडीसकट पेट्रोल भरलं जाईल.

उघड्या टाकीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त घातक असते. पेट्रोल द्रवरूपात स्फोट पावत नाही. स्फोट होतो तो वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाचा. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफ जास्त आणि हवा कमी, म्हणून मिश्रण सहसा पेटण्याजोगं नसतं. रिकामी होत आलेल्या टाकीत ते नेमकं जुळून येतं. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांबवरच्या विस्तवापर्यंत जाते. गळकी टाकी झाळायला नेताना जुने कारागीर ती पाण्याने भरून मगच हात लावत, ते याच कारणाने. वेल्डिंगवाल्याने 'रिकामीच आहे ना?' असं विचारून काम सुरू केलं तर टाकी उचलून परत आणावी.

ज्या टाकीला आधीच गंज धरला आहे तिचं काय? भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. काळं पडलेलं पितळ चिंचेने का उजळतं हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. चिंचेतलं आम्ल धातूवरचा डाग विरघळवतं आणि खालचा धातू तसाच राहतो. टाकीतल्या गंजावरही तत्त्व तेच. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारे खडे, कोमट पाण्यात विरघळवून टाकी तोंडापर्यंत भरायची आणि रात्रभर ठेवायची. टाकी आधी साबणाच्या पाण्याने धुतलेली असावी, कारण तेलकट पत्र्यावर आम्ल चढत नाही. जाड पापुद्रे असतील तर मूठभर नट आत टाकून हलवायची पद्धत आहे. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. संडास साफ करायचं ॲसिड वापरण्याचा मोह मात्र टाळावा. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज काढतं हे खरं, पण त्याबरोबर पत्राही खातं, आणि त्याचा अंश राहिला तर तासाभरात नवा गंज उभा करतं.

सायट्रिक ॲसिडनंतरही खरी परीक्षा पुढच्या दहा मिनिटांत असते. आम्लाने उघडा पाडलेला ओला पत्रा हवेत धरला की डोळ्यांदेखत पिवळसर होऊ लागतो. म्हणून आम्ल ओतून देताच खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून काढायचं, लगेच साध्या पाण्याने, लगेच उन्हात किंवा गरम हवेच्या ब्लोअरने वाळवायचं आणि पत्रा कोमट असतानाच तेल फिरवायचं. तेल आणि साधनं आधी शेजारी मांडून मगच आम्ल ओतावं. दुपारचं जेवण आणि ही साफसफाई यांची सांगड घालू नये.

उभी गाडी किती लवकर भंगार होते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या दुचाक्यांची रांग वेलींखाली उभी असते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की अशी वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काहीच अर्थ नाही, बाँड आणि जामीन घेऊन ती लवकर परत करावीत. ज्याची गाडी अशी अडकली आहे त्याने वकिलामार्फत सुपूर्तनाम्याचा, म्हणजे गाडी ताब्यात परत मिळण्याचा अर्ज पावसाळ्याआधी करावा. निकाल लागेल तेव्हा लागेल, टाकी तोवर थांबत नाही.

अलीकडच्या बहुतेक मोटारगाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना गंज नाही, पण तळाचं पाणी आणि शिळं पेट्रोल त्यांनाही चुकत नाही. ट्रॅक्टरमध्ये पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या अशा दोन्ही टाक्या दिसतात. चुंबक लावून पाहिलं की लगेच कळतं. टाकी कसलीही असो, डिझेलच्या तळाशी पाणी राहिलं तर डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी वाढते आणि फिल्टरवर काळपट, चिकट साय धरते. फिल्टरखाली पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो कापणीच्या आधी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, सैल करून काचेच्या बाटलीत चहाच्या कपाएवढं डिझेल घ्यावं आणि पाच मिनिटं तसंच ठेवावं. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकीच्या तळाचा प्लगही उघडावा लागणार.

तेल लावून ठेवलेली मोटारसायकलची टाकी पुन्हा वापरात घेताना पुडी काढावी, एक लिटर पेट्रोल टाकून खळबळावं आणि ते पेट्रोल ओतून घ्यावं. राहिलेलं थोडं ऑइल पहिल्या टाकीबरोबर जळून जातं. थोडा निळसर धूर दिसला तर घाबरायचं कारण नाही. झाकणाचं बुजवलेलं छिद्र उघडायचं विसरलं तर गाडी दोन-तीन किलोमीटर छान चालते आणि तुमसर रोडवर मध्येच बंद पडते. झाकण सैल करताच फुस्स आवाज येतो आणि ती पुन्हा सुरू होते. नळीत साधा कागदी फिल्टर नवा बसवावा आणि पहिल्या आठवड्यानंतर तो उजेडात धरून पाहावा. आत तांबूस दिसलं तर लिंबूसत्वाचं काम पुन्हा एकदा करायचं. कागद स्वच्छ असेल तर फिल्टर तसाच राहू द्यावा.